लिंबाचा भाव आणि पुतणीचा बार



आजची नोंद फवारणीची नाही, खताची पण नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण विषय लिंबाचाच आहे. फक्त तो बाजार समितीत जायच्या ऐवजी थोडा वेगळ्या वाटेनं गेला.

मागच्या श्रावणातली गोष्ट. २२ क्रेट लिंबू घेऊन मी बाजारात गेलो. क्रेटला वीस किलो धरा, म्हणजे ४४० किलो माल. भाव लागला सहा रुपये किलो. पट्टी झाली २,६४० रुपयांची. तोडणीला पाच बाया होत्या, त्यांचे १,५००. टेम्पोचे ७००. हमाली, तोलाई आणि चहापाणी मिळून २००. खिशात राहिले २४० रुपये. खत, पाणी, खैऱ्या रोगाच्या फवारण्या अजून धरल्याच नाहीत. ज्यांच्याकडे कागदी लिंबाची बाग आहे त्यांना हे काही नवीन नाही. पावसाळ्यात लिंबू कोणी विचारत नाही आणि उन्हाळ्यात तेच लिंबू नगावर विकतं.

घरी आलो तर माझी पुतणी पुण्याहून आलेली. ओट्यावर तिनं एक स्टीलचा डबा, दोन तोंडाचं एक छोटं माप आणि जाळीची गाळणी मांडली होती. म्हणाली, "तात्या, राहिलेल्या मालातली दहा-पंधरा लिंबं द्या." मी दिली. तिनं रस काढला, मापानं मोजला, साखरेचा पाक मोजला, डब्यात बर्फ टाकला आणि खांद्याजवळ धरून खडखडा हलवला. पुदिन्याची दोन पानं वर ठेवून ग्लास माझ्या हातात दिला. पंचवीस वर्षं लिंबू पिकवतोय, पण आपल्या लिंबाची अशी चव मी घेतली नव्हती. आंबट आणि गोड दोन्ही एकाच वेळी लागत होतं, कोणी कोणावर चढत नव्हतं.

पण त्या ग्लासाच्या मागं आमच्या घरात तीन महिन्यांचं भांडण होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा २०१२ साली गेला. दारूनं गेला, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. लिव्हर खराब झालं, पोटात पाणी झालं, दोनदा काढलं, तिसऱ्या वेळी माणूस राहिला नाही. वय ४१. पोरगी सहावीत होती. गावात देशी दारूचं परवानाधारक दुकान होतं. दोन वर्षांनी गावातल्या बायांनी आडवी बाटली केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गावातल्या महिलांचं मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. जेवढ्या आल्या त्यातल्या निम्म्या चालत नाहीत, एकूण यादीतल्या निम्म्याहून जास्त लागतात. त्यामुळे म्हाताऱ्या, आजारी, लेकुरवाळ्या सगळ्यांना घरातून काढून केंद्रावर न्यावं लागतं. त्या कामात आमच्या वहिनी सगळ्यात पुढं होत्या. दुकान बंद झालं.

त्याच वहिनींची मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकली, वर्षभर पुण्यात एका हॉटेलात वाढपाचं काम केलं आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "मला बारटेंडिंगचा कोर्स करायचाय."

वहिनींनी फोन ठेवला आणि पुढं तिच्याशी बोलल्याच नाहीत. आमची आई माळकरी, तिला आम्ही सांगितलंच नाही. माझी मंडळी म्हणाली, "पोरीचं लग्न जमायचं कसं?" आणि शेवटी ठरलं की तात्यानं पुण्याला जायचं, समजूत घालायची आणि पोरीला घेऊन यायचं. मी स्वतः दारूचा थेंब कधी घेतला नाही. मला पण हे पटत नव्हतं. जाताना बसमध्ये मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, काय काय बोलायचं ते.

पोरगी स्टँडवर घ्यायला आली. म्हणाली, "तात्या, रागावायचं असेल तर नंतर रागवा. आधी एक दिवस वर्गात बसा. सरांना विचारलंय मी."

बसलो. वीस-बावीस पोरं, त्यात चार पोरी, आणि मागच्या बाकावर टोपी घातलेला मी. मला वाटलं होतं खोलीत वास येईल. पण सगळ्या बाटल्यांत नुसतं पाणी होतं, सरावाला. पोरं बाटलीच्या तोंडाला बारीक नळी लावून ओतत होती आणि मनात मोजत होती, एक, दोन, तीन, चार. चारला ६० मिली यायला पाहिजे. मग ते मापात ओतून तपासायचं. ५५ आलं तर गिऱ्हाइकाची फसवणूक, ६५ आलं तर मालकाचं नुकसान. मला एकदम आपला नोझल आठवला. आपण पण पंप भरायच्या आधी मिनिटाला किती पाणी पडतं ते मोजतो. निदान मोजायला पाहिजे.

दुसरी गोष्ट पाहिली. शेकरमध्ये भरताना आधी लिंबाचा रस, मग पाक, आणि महाग दारू सगळ्यात शेवटी. कारण माप चुकलंच तर स्वस्तातलं फेकावं लागतं. टाकीत औषधं कोणत्या क्रमानं मिसळायची यावर आपण एवढं वाचतो, इथं पण क्रमाला कारण होतं.

पण ज्या गोष्टीनं मी गप्प झालो ती दुपारनंतर आली. सरांनी सगळा तास एकाच विषयावर घेतला, देणं थांबवायचं कधी. माणसाचा आवाज चढला, तेच वाक्य तो परत परत बोलायला लागला, पैसे मोजताना बोटं अडखळायला लागली, की पुढचा ग्लास द्यायचा नाही. पाणी द्यायचं, काही खायला द्यायचं, गाडीची चावी कोणाकडं आहे ते बघायचं. वय विचारायचं. आपल्या राज्यात कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, हे मला ५३ व्या वर्षी त्या वर्गात कळलं. आणि "नाही" हे चार लोकांत अपमान न करता कसं म्हणायचं, त्याचा पोरांकडून सराव करून घेतला. एक पोरगा प्यायलेल्या माणसाचं सोंग करायचा आणि दुसऱ्यानं नाही म्हणायचं.

पुतणीची पाळी आली. समोरचा पोरगा टेबलावर रेलून म्हणाला, "अजून एक दे." ती म्हणाली, "दादा, आता आधी जेवून घ्या. ग्लास कुठं पळून जात नाही." वर्गातली पोरं हसली. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी विचारलं, "पोरी, एवढी कामं पडलीत जगात. तुला हेच का?"

ती म्हणाली, "तात्या, मी आठ वर्षांची असल्यापासून आई मला पप्पांना आणायला दुकानावर पाठवायची. जाळीच्या आतून तो माणूस फक्त हात बाहेर काढायचा. पैसे घ्यायचा, बाटली द्यायचा. पप्पांना उभं राहता येतंय का, एवढं पण त्यानं कधी वाकून पाहिलं नाही. मला त्या जाळीच्या आत उभं राहायचंय. बघून द्यायचंय."

बसमध्ये जे बोलायचं जुळवलं होतं त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. एकटाच परत आलो. वहिनींना म्हणलं, "पोरगी चांगलं शिकतीय. मी बघून आलो." त्यांनी उत्तर दिलं नाही.

तिनंच मला नंतर सांगितलं की बायांनी बारमध्ये काम करायचं नाही असा कायदा दिल्लीत लागू होता, पंजाबचा १९१४ सालचा अबकारी कायदा, आणि सुप्रीम कोर्टानं २००७ साली ते कलम रद्द ठरवलं. मुंबईच्या शतभी बासू ऐंशीच्या दशकातच या कामात उतरल्या आणि पुढं त्यांनी शिकवायची संस्था काढली, हे पण तिनंच सांगितलं.

तर श्रावणातल्या त्या ग्लासानंतर मी पण शिकायला लागलो. हसू नका. दारू नाही, फक्त लिंबू, पाक, बर्फ आणि हात. पोरीनं जुना शेकर आणि ३०-६० चं माप माझ्याकडं ठेवलं. त्या मापाला ते लोक जिगर म्हणतात. आमच्या मंडळीनं विचारलं, "एवढ्याशा वाटीला कसली जिगर?"

शेतकऱ्याच्या हातात माप आलं की तो आधी आपलाच माल मोजतो. मी पण मोजला. प्रत्येकी वीस फळं घेतली. गडद हिरवी, घाईनं तोडलेली, सरासरी १४ मिली रस. फिकट हिरवी, पिवळसर छटा आलेली, सालीला चकाकी असलेली, २१ मिली. ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाची, जिथं पाणी कमी पोचतं, तिथली १२ मिली, आणि साल जाड. म्हणजे एकाच बागेत, एकाच दिवशी, जवळजवळ दुप्पट फरक. बाजारात आपण वजनावर विकतो, त्यामुळे हे कधी दिसलंच नाही. त्या टोकाच्या दोन ओळींचे ड्रीपर मी दुसऱ्या दिवशी उघडून साफ केले, निम्मे चोंदलेले होते. बारटेंडिंगचा पहिला फायदा मला असा झाला.

पाकाचं पण मोजलं. साखर आणि पाणी समान वजनात घेतलं की ५० ब्रिक्स. माझ्याकडं डाळिंबाच्या वेळचा ब्रिक्स मीटर आहे, तो ३२ पर्यंतच दाखवतो. मग पाकात तेवढ्याच वजनाचं पाणी घालून मोजला, बरोबर २५ आला. हे जमलं की प्रत्येक ग्लास सारखा लागतो. आपण घरी सरबत करताना चमच्यानं साखर टाकतो, ती निम्मी तळाला राहते आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो.

बर्फाचं मला सगळ्यात उशिरा कळलं. बर्फ फक्त गार करायला नसतो. बारा-पंधरा सेकंद हलवलं की बर्फ वितळून साधारण पाव हिस्सा पाणी वाढतं, आणि ते पाणी हिशोबात धरलेलं असतं. डब्याला बाहेरून दव धरलं की थांबायचं. जास्त हलवलं की पाणचट. पहिल्या आठवड्यात मी एवढा हलवायचो की मंडळी म्हणायची, ताक घुसळताय काय.

लिंबू पिळण्यात पण शिस्त आहे. शेवटचा थेंब काढायच्या नादात साल आणि बी चेंगरलं की रस कडू होतो, आणि तो कडूपणा लगेच नाही, तासाभरानं वर येतो. रस सकाळी काढला तर त्याच दिवशी वापरायचा.

पोरगी फोनवर गोष्टी सांगते, त्यातली एक आपल्यासाठी आहे. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना महिनोन् महिने ताजं काही मिळायचं नाही, हिरड्यांतून रक्त यायचं, माणसं मरायची. लिंबूवर्गीय फळांनी ते बरं व्हायचं. १८६७ साली इंग्लंडनं कायदाच केला की जहाजावर लिंबाचा रस द्यायचा. त्याच वर्षी लॉकलन रोज नावाच्या माणसानं दारू न घालता, साखरेत लिंबाचा रस टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच टिकवलेल्या रसात जिन मिसळली की गिमलेट होतं, ते आजही बारमध्ये मिळतं. आणि 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच' वरूनच गेला असं मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला असे पाच जिन्नस.

ही गोष्ट ऐकली आणि माझ्या डोक्यात २४० रुपयांची पट्टी परत आली. का, ते पुढं सांगतो.

मार्गशीर्षात आमच्या पाहुण्यांकडं साखरपुडा होता, तीनशे माणूस. लॉनवाले नेहमीसारखं रंगीत वेलकम ड्रिंक देणार होते, बाटलीतल्या सिरपचं. मी पाहुण्यांना म्हणलं, यावेळी माझ्याकडं द्या, ग्लासाला २५ रुपये. पोरगी सुट्टी काढून आली. एफएसएसएआयची नोंदणी आधीच काढून ठेवली होती. बर्फ खाण्याचाच घेतला. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आहे, तेवढं बघून घेत जा.

हिशोब असा. ग्लासाला २० मिली रस, २० मिली पाक, ११० मिली सोडा किंवा पाणी, वर बर्फ, पुदिना, चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेलं जिरं. ३०० ग्लासांना ६ लिटर रस. ३०० लिंबं, किलोला २२ बसतात, म्हणजे १४ किलो. दोन किलो जास्तीची धरली. ६ लिटर पाकाला पावणेचार किलोच्या आसपास साखर. हातात आले ७,५००. बर्फ, सोडा, साखर, पुदिना, ग्लास, टेम्पो, हाताखाली दोन पोरं, सगळा खर्च ३,९००. राहिले ३,६००. लिंबू लागलं सोळा किलो. एक क्रेट पण नाही.

आता कृषी सहायक आणि जाणकार मंडळी म्हणतील, तात्या, एका साखरपुड्यावर बाग चालत नाही. बरोबर आहे. मोठी अडचण तर वेगळीच आहे. लिंबू स्वस्त असतं श्रावण-भाद्रपदात, तेव्हा लग्नं नसतात. लग्नं दाट असतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा लिंबू एवढं महाग की ते बाजारातच विकलेलं परवडतं. हस्त बहार धरून उन्हाळ्यात फळ आणावं म्हणलं तर ताण बसायच्या वेळेलाच परतीचा पाऊस येतो.

म्हणून तो जहाजाचा माणूस मला आठवतो. पावसाळ्यातला रस तुळशीच्या लग्नापर्यंत टिकवायचा. पहिला प्रयत्न फसला. रस आणि साखर एकत्र उकळली, रंग तपकिरी झाला, चव उकडलेल्या सालीची आली. आठ लिटर माल बांधाला ओतला. दुसऱ्यांदा हिरवी साल पांढरा भाग न येता बारीक सोलली, साखरेत चोळून रात्रभर ठेवली. सकाळी साखर ओली आणि सगळ्या घरात वास. साखर सालीतलं तेल ओढून घेते. त्याचा पाक केला, पूर्ण गार केला, मग त्यात गाळलेला कच्चा रस घातला आणि बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. तीन महिन्यांनी काढून बघितलं, चांगला होता. ताज्याची सर नाही, पण सिरपच्या शंभर पावलं पुढं. यंदाच्या पावसाळ्यात पन्नास लिटर करायचा विचार आहे. त्याआधी फळप्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेणार आहे, कारण घरी चाखणं वेगळं आणि लोकांना विकणं वेगळं.

आता वहिनींचं सांगतो. साखरपुड्याच्या दिवशी त्या आल्या. पाहुण्यांचं कार्य, यावंच लागलं. मायलेकींचं बोलणं सहा महिने बंद होतं. गर्दी वाढली, हाताखालचं एक पोरगं जेवायला गेलं आणि लिंबं कापायला माणूस कमी पडला. वहिनी लांब खुर्चीवर बसून बघत होत्या. उठल्या, पदर खोचला, विळी मागितली आणि खाली बसून लिंबं कापायला लागल्या. कोणाशी बोलल्या नाहीत. शंभरएक लिंबं कापली असतील. पोरीनं एक ग्लास त्यांच्या शेजारी ठेवला. त्यांनी बऱ्याच वेळानं तो उचलला, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे गं."

पोरीनं तिथल्या तिथं पाक २० चा २५ केला. बाकीचे शंभर ग्लास २५ नेच गेले आणि खरं सांगायचं तर लोकांना तेच जास्त आवडलं. माझ्या वहीत आता २५ च लिहिलंय. तीनशे ग्लासांचा हिशोब सव्वा पटीनं पाक धरूनच करा.

वहिनींना अजून पोरीचं काम पटलेलं नाही. मला पण पूर्ण पटलंय असं म्हणणार नाही. दादा गेला तो काळ मी पाहिलाय. दारू विकणाऱ्या जागेत ती उभी आहे, यानं रात्री कधी कधी झोप लागत नाही. पण ती आता पुण्यात बारमध्ये शिकाऊ म्हणून लागली आहे आणि मागच्या महिन्यात तिनं फोनवर सांगितलं, "तात्या, आज एका माणसाला नाही म्हणले. तो चिडला, मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर माझ्या बाजूनं उभा राहिला. मग त्या माणसाला आम्ही रिक्षात बसवून दिलं." एवढं सांगून ती गप्प झाली. मी पण गप्प. दोघांना पण कोण आठवलं असेल ते तुम्हाला कळेल.

तिचं स्वप्न आहे, दहा वर्षांत स्वतःची शिकवणी काढायची. माझं स्वप्न लहान आहे. बाग डांबरी रस्त्याला लागून आहे. तिथं पत्र्याची एक शेड, स्वच्छ ओटा, पाण्याची सोय, आणि झाडावरचं लिंबू तोडून समोर करून दिलेला ग्लास. वर्षभर. ५४ व्या वर्षी दहावी पास माणसानं शेकर हलवायला शिकावं याला गावात कोणी म्हातारचळ म्हणतं. म्हणू दे. चोंदलेले ड्रीपर तर सापडले.

करून बघण्यासारखं एक काम सांगतो. पुढच्या तोडणीला आपल्या बागेतल्या तीन जागांची वीस-वीस लिंबं घ्या, रस वेगवेगळा काढून मोजा आणि वहीत लिहा. साई सरबती किंवा फुले शरबती कोणाकडं असेल तर त्यांचे आकडे मला जरूर हवेत, माझ्याकडं जुनी स्थानिक झाडं आहेत.

पुढच्या नोंदीत ताणाचं आणि पावसाचं लिहितो. राम राम.